दिसलं तेवढंच

पहाटे सव्वापाचला पेट्रोल पंपाच्या मागे
चार गाड्या, अकरा माणसं, एक थर्मास करक चहा.
ओहोटी सात वाजून दहा मिनिटांनी.
वेळापत्रक रोवेनानं छापून आणलंय;
रात्रपाळीवरून थेट आलीये ती,
दवाखान्याचा बिल्ला अजून गळ्यात.

वही माझ्याकडे.
आठवडाभर मी दुबईत दुसऱ्यांचे आकडे जुळवते,
शनिवारी न जुळणारे मांडते :
तारीख, वारा, पाणी, कोण, किती.
पहिल्या पानावर इद्रीससाहेबांच्या तिरप्या अक्षरात
क्लबचा एकुलता नियम, खाली दोन रेघा :
दिसलं तेवढंच लिहा.

इद्रीस अब्देलगादिर, शारजात भूगोल शिकवत.
एकदा एक नवा सभासद काठावर उभा राहून हळवा झाला,
‘पाखरांचं बरंय, व्हिसा लागत नाही.’
दुर्बिणीतून डोळा न काढता ते म्हणाले,
‘हे वाक्य दर हिवाळ्यात येतं.
नोंदवायची गरज नाही.’

उम्म अल क्वैनच्या खाडीत पाणी मागे सरतंय.
चिखलातून बोटं वर काढावीत तशी मुळं.
मी म्हणते तिवर,
हमदान म्हणतो गुर्म,
शाजी म्हणतो कंडल.
मग तिघंही एकेक पान चाटून बघतो.
एकमत : खारट.

रोहित दोनशे चौदा.
कुरव मोजायचे सोडून दिले.
काळ्यापांढऱ्या अंगाचा, जाडजूड चोचीचा तो एक,
खेकड्याला आपटून आपटून पाय तोडणारा,
त्याला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.
मी खेकडेमोड्या लिहिते. एकोणीस.
गिझेला पक्ष्यांकडे बघतच नाही.
त्र्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांवर बसून
नखाएवढ्या गोगलगायींशी जर्मनमध्ये बोलते.

टेलिस्कोप इद्रीससाहेबांचाच.
तिपाईच्या एका पायाला निळी चिकटपट्टी.
मार्चमध्ये शाळेनं करार वाढवला नाही,
ते पोर्ट सुदानला परतले.
मे महिन्यात फोनवर एक फोटो आला :
गच्चीच्या कठड्यावर होला,
मागे करडं काहीतरी. धूर की धूळ,
मी मोठं करकरून पाहिलं.
त्यानंतर फोटो नाही.

‘पायात कडं आहे!’
हमदानचा पोरगा, बारा वर्षांचा, कुजबुजत ओरडतो.
इवलासा चिखल्या, धावतो, थांबतो, धावतो.
पांढरी पट्टी. त्यावर के.
मग सात.
मग चिखल.

कोणी श्वास घेत नाही.
कुणीतरी कुठेतरी त्याला हातात धरलं होतं,
वजन केलं होतं, सोडलं होतं.
आणि मी, आकड्यांची माणूस,
तिसरा आकडा केव्हाच भरून टाकलेला,
त्याला थेट आमच्या दिघीच्या खाडीवर नेऊन बसवलेला,
जिथं बाबा होडीला डांबर फासताना
असल्याच पाखरांना शिव्या घालायचे.

‘पाय धू की रे,’ शाजी त्याला मल्याळममध्ये विनवतो,
निदान सूर तरी तसाच होता.
लांब एक जेटस्की भुंकली
आणि सगळा किनारा उचलून गेला.

‘पाच असेल,’ पोरगा म्हणतो, ‘लिही ना पाच.’
पेन कागदावर. ठिपका पडला, शाई पसरायला लागली.
मला पाच हवा होता.
मला होल्यामागे नुसती धूळ हवी होती.
मी लिहिलं :
के, सात, चिखल.
पोरगा वाकून वाचतो, तोंड वाकडं करतो,
पण खाली सही करतो, पहिल्यांदाच, पूर्ण नावानं,
वडिलांच्या आणि आजोबांच्या सकट. ओळ पुरत नाही.

ऊन चढलं. चहा संपला.
बुटांतला चिखल खरवडून गाड्यांत बसलो
आणि रोवेनानं सवयीनं डोकी मोजली.
दहा.
पुन्हा मोजली. दहाच.
तिवरांपलीकडे गिझेलाची टोपी,
अजून खाली वाकलेली.